पाड्याला स्वतःची ग्रामपंचायत नसते तेव्हा: खान्देशातल्या पाडे-वस्त्यांसाठी कारभाराचा वाटाड्या

सातपुड्यात अक्राणी किंवा अक्कलकुव्याच्या बाजूला पाटीवर गावाचं एकच नाव असतं, पण गाव एका जागी नसतं. एका टेकडीवर पाटीलपाडा, नाल्यापलीकडे पुजारापाडा, आणखी वर सात-आठ घरांची वस्ती. या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी तासभर सहज लागतो. महसूल दप्तरात हे सगळं मिळून एक गाव, आणि पंचायतीच्या दप्तरात अशा दोन-तीन गावांची मिळून एक गट ग्रामपंचायत. चाळीसगाव-जामनेरकडे हीच गोष्ट तांड्यांची, रावेर-यावलच्या वरच्या अंगाला पावरा आणि तडवी वस्त्यांची.

अशा वस्तीला स्वतःचा सरपंच नसतो, कार्यालय नसतं, बँकेत खातं नसतं. म्हणून तिला काहीच अधिकार नाहीत असं मात्र नाही. मतदानाचा प्रभाग, ग्रामसभा, अनुसूचित क्षेत्र (राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरलेला आदिवासी भाग) असेल तर पेसाची, म्हणजे अशा भागातल्या पंचायतींसाठीच्या केंद्रीय कायद्याखालची, स्वतंत्र ग्रामसभा आणि वनजमीन असेल तर वनहक्क कायदा, या चार वाटांनी पाडा स्वतःचं म्हणणं कायदेशीरपणे मांडू शकतो. चारही वाटांवर अडचण एकच येते: पाड्याचं नाव कागदावर नसतं, किंवा चार कागदांवर चार तऱ्हेने असतं.

आधी पाडा कागदावर शोधा

कुठल्याही अर्जाआधी एक वही करा आणि पाच गोष्टी लिहून काढा. पाड्यातल्या जमिनींच्या सातबाऱ्यावर कुठल्या महसुली गावाचं नाव आहे. घरांची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, आहे का. मतदार यादीत पाडा कुठल्या भागात आणि कुठल्या प्रभागात येतो. जमीन महसुली आहे, गावठाण आहे की वनखात्याची. आणि गाव अनुसूचित क्षेत्रात येतं का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तालुक्यावरून देऊ नका. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा आणि नवापूर हे तालुके पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहेत. शहादा, नंदुरबार, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल आणि रावेर हे मात्र अंशतः आहेत आणि त्यांची यादी गावागणिक आहे. शेजारचं गाव यादीत आणि आपलं बाहेर, असं सर्रास होतं. यादी तहसीलमध्ये किंवा आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात (नंदुरबार, तळोदा, धुळे, यावल) बघायला मिळते. तिथे महसुली गावाचं नाव शोधायचं, पाड्याचं नाही.

नाव कसं लिहायचं हे पहिल्याच बैठकीत ठरवून टाका. आधारवर ‘पाटीलपाडा’, मतदार यादीत ‘पाटील पाडा नं. २’ आणि पाणीपुरवठ्याच्या यादीत नुसतंच गावाचं नाव असेल, तर पुढे कुठला तरी कारकून ‘ही वस्ती आमच्या यादीत नाही’ असं म्हणणार, आणि त्याच्या बाजूने ते खरंही असणार. एकाच गावात एकाच नावाचे दोन पाडे असतील, तर नावापुढे नाल्याचं किंवा डोंगराचं नाव जोडा. वस्ती कितीही लहान असली तरी घरं, कुटुंबं, माणसं आणि मतदार हे चार आकडे वेगवेगळे लिहा. या आकड्यांची गल्लत झाली की प्रस्ताव परत येतो.

प्रभागाचं गणित

ग्रामपंचायतीत सदस्य किती, हे लोकसंख्येवर ठरतं: १५०० पर्यंत ७, ३००० पर्यंत ९, ४५०० पर्यंत ११, ६००० पर्यंत १३, ७५०० पर्यंत १५ आणि त्यापुढे १७. गावाचे प्रभाग पडतात आणि प्रत्येक प्रभागातून साधारणपणे दोन किंवा तीन सदस्य निवडून येतात.

समजा गट ग्रामपंचायतीची लोकसंख्या २७०० आहे. सदस्य ९, तीन प्रभाग, प्रत्येकी तीन जागा. एका जागेमागे सरासरी ३०० माणसं आणि एका प्रभागात सुमारे ९००. तुमच्या पाड्यात ३४० माणसं असतील, तर आकड्याने एका सदस्याचा हक्क बसतो. पण प्रभाग ९०० चा असल्याने उरलेली ५६० माणसं कोण, यावर सगळं ठरतं. तीन जागांच्या प्रभागात प्रत्येक मतदाराला तीन मतं असतात. म्हणजे पाड्याला मोठ्या गावाच्या गावठाणाशी जोडलं, तर गावठाणवाले मनात आणलं तर तिन्ही जागा घेऊन जातात. त्याच पाड्याला नाल्याच्या अलीकडचे दुसरे दोन पाडे जोडले, तर तिघांचं भागतं. पाडाच मधोमध चिरून दोन प्रभागांत टाकला, तर दोन्हीकडे त्याची मतं मोजणीत दिसतही नाहीत.

यावर बोलायची वेळ मतदानाच्या कितीतरी आधी येते. प्रभाग रचनेचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि हरकतींसाठी ठरावीक दिवस मिळतात. हे दिवस थोडे असतात आणि नोटीस चावडीवर किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते, पाड्यावर लागत नाही. निवडणुकीचं वर्ष जवळ आलं की तहसीलमधल्या निवडणूक शाखेत महिन्याला एक चक्कर ठेवा. हरकत लिहिताना ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढं लिहून भागत नाही. ‘प्रभाग २ मध्ये अमुक पाड्याची घरं तमुक नाल्याच्या पूर्वेला असून ती प्रभाग ३ च्या हद्दीला लागून आहेत, पावसाळ्यात नाला ओलांडता येत नाही, प्रभाग ३ मध्ये घेतल्यास लोकसंख्येचा फरक इतका राहतो’, असं लिहावं. सोबत हाताने काढलेला का होईना, एक नकाशा. लोकसंख्या जनगणनेच्या प्रगणक गटांवरून (मोजणीसाठी पाडलेले घरांचे गट) घेतात, म्हणून हरकतीतही तोच आकडा वापरा. पाड्याने स्वतः मोजलेला नाही.

आराखड्यानंतर प्रभागनिहाय प्रारूप मतदार यादी येते. तिथे फक्त एक गोष्ट तपासायची: आपली नावं आपल्याच प्रभागात पडली आहेत ना. ऊसतोडीला गेलेल्यांची नावं या टप्प्यावर इकडची तिकडे गेलेली सापडतात.

अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतीत किमान निम्म्या जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव असतात आणि सरपंचपद जमातीलाच असतं. महिलांना सगळ्याच ग्रामपंचायतींत निम्म्या जागा आहेत. सरपंच सध्या थेट सगळ्या गावाच्या मतांनी निवडला जातो. त्यामुळे लहान पाड्याचा माणूस सरपंच होणं अवघड, पण उमेदवाराकडून आधीच शब्द घेणं सोपं. सदस्य निवडून आला की दर महिन्याच्या मासिक सभेत त्याच्याकडून पाड्याचा एक तरी विषय लेखी टाकून घ्या. तोंडी मांडलेला विषय इतिवृत्तात येत नाही.

पोलीस पाटलाबद्दल एक गोष्ट स्पष्ट असू द्या. तो निवडून येत नाही. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखाली त्याची नेमणूक होते आणि त्याचं काम कायदा-सुव्यवस्थेचं. तो ग्रामपंचायतीचा माणूस नव्हे आणि निधीशी त्याचा संबंध नाही. पाड्याचा कारभारी, पुजारा किंवा तांड्याचा नायक यांच्या सहीला सरकारी कागदावर वजन नाही, पण त्यांनी सांगितल्याशिवाय बैठकीला माणसं जमत नाहीत. अनुभवी कार्यकर्ते आधी त्यांच्याकडे जातात, मग ग्रामपंचायतीत.

ग्रामसभा: काय होतं आणि कुठे अडतं

वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. प्रथेने त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होतात. साध्या ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी हवी. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल ते. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब झाली, तर पुढच्या तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. ही तहकूब सभाच बऱ्याचदा खरी ग्रामसभा ठरते, कारण तिची तारीख पाड्यावर पोचलेली नसते. सभा तहकूब झाली की त्याच जागी उभं राहून पुढची तारीख विचारून घ्या आणि मोबाइलवर फलकाचा फोटो काढा.

खान्देशातली खरी अडचण तारखांची आहे. दिवाळी झाली की सातपुड्यातली कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे जातात. २६ जानेवारीला पाड्यात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं तेवढी असतात. होळीला, भोंगऱ्या बाजाराच्या दिवसांत माणसं परत येतात. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आलेल्या असतात, पण घराघरात माणूसही असतो. म्हणून ज्या ठरावाला माणसांचा आकडा लागतो तो होळी ते अखाजी या दिवसांत किंवा १५ ऑगस्टला घ्यावा. आठवडे बाजाराचा दिवस मात्र कधीही नको.

नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा होणं बंधनकारक आहे. बऱ्याच ठिकाणी ती फक्त रजिस्टरात भरते. पाणी, अंगणवाडी आणि दारूचे विषय या सभेत मंजूर करून घेतले, तर मुख्य सभेत ‘हा विषय नोटिशीत नव्हता’ असं म्हणता येत नाही, कारण महिला सभेच्या शिफारशी ग्रामसभेपुढे ठेवायच्याच असतात.

ठराव लिहिताना आकार असा ठेवा:

‘आज दिनांक … रोजी मौजे … येथील ग्रामसभेत विषय क्र. … वर चर्चा झाली. मौजे … अंतर्गत … पाडा येथे … कुटुंबे, … लोकसंख्या असून येथून सर्वात जवळचा पिण्याच्या पाण्याचा स्रोत … मीटर अंतरावर आहे. सबब … पाडा येथे … हे काम … या निधीतून सन … च्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात समाविष्ट करण्यास ही सभा मंजुरी देत आहे. सूचक: … अनुमोदक: … ठराव सर्वानुमते / … विरुद्ध … मतांनी मंजूर.’

यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ‘… अंतर्गत … पाडा येथे’ हे आहे. ‘गावात हातपंप बसवावा’ असा ठराव झाला, तर हातपंप गावठाणात बसतो, आणि कागदावर पाड्याची मागणी पूर्ण झालेली असते.

सभा संपली की ठरावाची नक्कल मागा. सचिव, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक आणि आताचे ग्रामपंचायत अधिकारी, यांच्याकडे तीन-चार ग्रामपंचायतींचा कार्यभार असू शकतो, म्हणून नक्कल महिनाभर रखडते. महिना उलटला तर माहिती अधिकारात अर्ज करा: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, ३० दिवसांची मुदत, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. अर्जात ‘माहिती द्यावी’ असं मोघम लिहू नका. ‘दिनांक … च्या ग्रामसभेच्या इतिवृत्ताची आणि उपस्थिती नोंदवहीची प्रमाणित छायाप्रत’ असं लिहा. उपस्थिती नोंदवहीत नसलेल्या माणसांच्या सह्या निघाल्या, तर हाच कागद गटविकास अधिकाऱ्याकडे तक्रारीला पुरतो. कारण नसताना ग्रामसभा न घेणारा सरपंच अपात्रही ठरू शकतो. हे सरपंचाला माहीत असतं, पाड्याला बहुधा नसतं.

पेसाखाली पाड्याची स्वतःची ग्रामसभा

अनुसूचित क्षेत्रातल्या पाड्याला सगळ्यात मोठा आधार पेसा कायद्याचा आहे. २४ डिसेंबर १९९६ च्या या कायद्यात गावाची व्याख्याच वेगळी आहे: एक वस्ती किंवा वस्त्यांचा समूह, पाडा किंवा पाड्यांचा समूह, जिथला समाज आपले व्यवहार आपल्या रूढी-परंपरांप्रमाणे चालवतो, ते गाव. अशा प्रत्येक गावाला स्वतःची ग्रामसभा. महाराष्ट्राने याचे नियम २०१४ मध्ये केले.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगून ठेवू: पाडा पेसा गाव झाला म्हणजे त्याची वेगळी ग्रामपंचायत होत नाही. ग्रामपंचायत तीच, सरपंच तोच, नमुना ८ तिथेच, घरपट्टी तिथेच. वेगळी होते ती ग्रामसभा. सातबाऱ्यावरचं महसुली गावही बदलत नाही.

काम पुढच्या क्रमाने करा. पाड्यात एक बैठक घ्या आणि तिथे फक्त मतदार यादीतली माणसं मोजा. किती मतदार आहेत, किती हजर, हे इतिवृत्ताच्या पहिल्या ओळीत लिहा. निम्म्याहून जास्त मतदारांच्या सह्या किंवा अंगठे मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका. काठावरचा आकडा चौकशीत गळतो. प्रत्येक सहीपुढे मतदार यादीतला अनुक्रमांक टाका. या एका रकान्याने चौकशी अधिकाऱ्याचं काम अर्धं होतं आणि तुमचंही. पाड्याची सीमा ठरावात नावानिशी लिहा: उत्तरेला कुठला डोंगर, पूर्वेला कुठला नाला, दक्षिणेला कुणाचं शेत. परंपरेने गुरं चारण्याची, सरपणाची आणि देवाची जागा या सीमेत येते का, ते बघा. दोन पाड्यांमध्ये या जागांवरून वाद असतो आणि तो इथेच निघतो. वाद असेल तर दोन्ही पाड्यांचा मिळून एक समूह करून एकच प्रस्ताव पाठवणं बरं.

हा ठराव उपविभागीय अधिकाऱ्याकडे द्यायचा, प्रत ग्रामपंचायतीला आणि जिल्हाधिकाऱ्यांना. शहादा, तळोदा, नंदुरबार, शिरपूर, फैजपूर अशा ठिकाणी ही कार्यालयं आहेत. आपला तालुका कुठल्या उपविभागात येतो ते आधी विचारा. मग पाड्यावर चौकशी होते, प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांमार्फत नाशिकच्या विभागीय आयुक्तांकडे जातो आणि शेवटी अधिसूचना निघते. नियमांमध्ये टप्प्यांना मुदती आहेत. मुदत मोजायची तर सुरुवातीची तारीख सिद्ध करावी लागते, म्हणून पहिल्या अर्जाची पोच आवक क्रमांकासह हवी. आवक क्रमांक नसलेला अर्ज हा अर्ज नव्हेच. निरोप घेऊन कोणी शिपायाच्या हातात कागद देऊन आला असेल, तर दुसऱ्या दिवशी परत जाऊन क्रमांक आणा.

प्रस्ताव का अडतात, याची कारणं ठरलेली आहेत. चौकशीच्या दिवशी माणसं मजुरीला गेलेली असतात. किंवा मोठ्या पाड्यातले लोक ‘आम्हाला विचारलं नाही’ म्हणून हरकत घेतात. किंवा सह्यांच्या यादीत दुसऱ्या पाड्यातली नावं घुसवलेली असतात. तिसरं कारण सगळ्यात वाईट, कारण त्याने खऱ्या सह्याही संशयात येतात.

स्वतंत्र ग्रामसभा झाली की काय हातात येतं? विकासाच्या योजना आणि लाभार्थ्यांची यादी राबवण्याआधी ग्रामसभेची मंजुरी लागते. गौण खनिज, भूसंपादन आणि पुनर्वसन यांत ग्रामसभेला विचारावं लागतं. गौण वनोपज, गावबाजार, सावकारी, दारू आणि जमिनीचं हस्तांतरण यांवर तिला अधिकार आहेत. पण रोजच्या कामात सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो विनियोग प्रमाणपत्राचा अधिकार. ग्रामपंचायतीने गावात खर्च केलेल्या निधीचं प्रमाणपत्र ग्रामसभेने द्यायचं असतं. अर्धवट बांधलेल्या रस्त्यावर प्रमाणपत्र देऊ नका, आणि का दिलं नाही ते ठरावात लिहा. भांडणापेक्षा याने काम लवकर पूर्ण होतं.

पैसा कुठून येतो

अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट मिळतो. २०१५ च्या शासन निर्णयाने ही अबंध निधीची योजना सुरू झाली. खर्च चार गटांत होतो: पायाभूत सुविधा, वनहक्क आणि पेसाची अंमलबजावणी, आरोग्य, स्वच्छता आणि शिक्षण, वन आणि जलसंधारणाशी जोडलेली उपजीविका. पैसा ग्रामसभा कोषात येतो आणि गट ग्रामपंचायतीत तो गाव-पाड्यांना लोकसंख्येप्रमाणे वाटायचा असतो. इथेच पहिल्या वहीतला लोकसंख्येचा आकडा कामी येतो. ग्रामसभेने दरवर्षी विचारायचे प्रश्न दोनच: आमच्या पाड्याच्या वाट्याला किती आले, आणि किती उरले.

बाकी सगळीकडे ग्रामपंचायतीचा मुख्य पैसा वित्त आयोगाचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात, २०२१-२२ ते २०२५-२६, यातला ६० टक्के निधी बंधित होता: अर्धा पाण्यासाठी, अर्धा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित. म्हणून पाड्याची मागणी पाण्याच्या शीर्षात बसवली की ती लवकर मार्गी लागते. समाजमंदिराची मागणी अबंधित रकमेसाठी सगळ्या गावांशी झगडत बसते. आराखडा मंजूर झाल्यावर तो ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर चढतो. कुणाच्याही मोबाइलवर तो उघडतो. पाड्याचं नाव त्यात आहे का, एवढं बघायला पाच मिनिटं पुरतात.

रस्त्याचं गणित वेगळं आहे. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना गावाला जोडत नाही, वस्तीला जोडते. सपाट भागात ५०० लोकसंख्या, आदिवासी आणि डोंगरी भागात २५०. त्याहून कमी माणसं असली तरी हताश होऊ नका: पायवाटेने ५०० मीटरच्या आत असलेल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते आणि डोंगराळ भागात हे अंतर दीड किलोमीटर आहे. दोन पाडे एकेकटे अपात्र आणि मिळून पात्र, असं सातपुड्यात बरंच निघू शकतं. मात्र कोणीतरी एकत्र मोजून द्यावं लागतं. शाळेसाठी शिक्षण हक्क कायद्याचं अंतर लक्षात ठेवा: पहिली ते पाचवी एक किलोमीटर, सहावी ते आठवी तीन किलोमीटर. मागणीपत्रात हे अंतर आणि मुलांची वयानुसार संख्या, बाकी भाषण नको.

वनजमिनीवरचा पाडा

पाडा वनजमिनीवर असेल तर ‘इथे काम करता येत नाही, वनखातं परवानगी देत नाही’ हे उत्तर ऐकायला मिळतं. ते अर्धंच खरं. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रास्त भाव दुकान, पिण्याच्या पाण्याची टाकी आणि नळयोजना, विजेच्या तारा, रस्ता, लहान सिंचन कालवे, समाज केंद्र अशा तेरा सोयींसाठी वनजमीन देता येते. अटी दोन: प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. तिसरी गोष्ट अट कमी आणि हत्यार जास्त: ग्रामसभेची शिफारस लागते. ज्या खात्याला काम करायचं आहे त्याने प्रस्ताव करायचा, ग्रामसभेने ठराव द्यायचा, मग तो वनक्षेत्रपाल आणि उपवनसंरक्षकांकडे जातो. बहुतेक प्रस्ताव वनखात्यात अडण्याआधीच अडतात, कारण बांधकाम किंवा पाणीपुरवठा खात्याने अर्जच भरलेला नसतो. म्हणून चौकशी तिथून सुरू करा.

दुसरं कलम ३(१)(ज): वनगावं, जुन्या वस्त्या आणि मोजणी न झालेली गावं महसुली गावांत बदलून घेण्याचा हक्क. इथली ‘गाव’ची व्याख्याही रुंद आहे, अधिसूचित असो वा नसो, जंगलातली जुनी वस्ती गाव ठरते. पण ग्रामसभेची गणपूर्ती साध्या सभेसारखी नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर किमान निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. वनहक्क समिती १० ते १५ जणांची, त्यात किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश महिला. महिलांचा आकडा भरला नाही म्हणून उपविभागीय समितीतून फाइल परत येणं हा या कामातला नेहमीचा फटका. सह्या घेताना बायकांच्या सह्या वेगळ्या पानावर घ्या, म्हणजे मोजणी तिथेच दिसते.

महसुली गाव मागताना फक्त घरांची जागा दाखवू नका. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये स्पष्ट केलं आहे की, रूपांतरात गावाचा प्रत्यक्ष जमीनवापर पूर्ण धरायचा, शाळा-दवाखाना अशा आजच्या आणि उद्याच्या सामाईक गरजांसह. नकाशात खळं, स्मशान, देवस्थान, पाणवठा, गुरांची वाट आणि शाळेला लागणारी मोकळी जागा दाखवा. एकदा सीमा ठरली की नंतर एक गुंठाही वाढवून घेणं कठीण.

एक वेळेची गोष्ट. जनगणनेआधी गावांच्या आणि तालुक्यांच्या सीमा गोठवल्या जातात. २०२७ च्या जनगणनेसाठी ही तारीख ३१ डिसेंबर २०२५ ठरवण्यात आली. मधल्या काळात सीमा बदलणारी अधिसूचना अडू शकते, पण ठराव, समिती, नकाशा आणि दाव्याचं काम अडत नाही. ते उरकून ठेवा. प्रगणक आला की पाड्याचं नाव ठरलेल्या पद्धतीनेच लिहून घ्या.

गावठाणाबद्दलही थोडं. स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी गावठाणातल्या घरांसाठी होती. गावठाणाबाहेरच्या पाड्यातल्या घरांना त्यातून मालमत्ता पत्रक मिळत नाही. नमुना ८ चा उतारा म्हणजे कराची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे. कर्ज किंवा घरकुलाच्या वेळी हा फरक अचानक समोर येतो.

वेगळी ग्रामपंचायत मागावी का?

मागता येते. २००४ च्या निकषांप्रमाणे सर्वसाधारण भागात २००० लोकसंख्या, आदिवासी भागात आणि तांड्यांना १०००, शिवाय गावांतलं अंतर आणि कराचं उत्पन्न बघितलं जातं. तांड्यांसाठी हे निकष नंतर सैल झाले आहेत, तेव्हा मागणी करण्याआधी जिल्हा परिषदेच्या ग्रामपंचायत विभागातून चालू शासन निर्णयाची प्रत घ्या. लागणारे कागद: मूळ ग्रामपंचायतीचा ठराव, विभाजनानंतर दोन्ही बाजूंची लोकसंख्या आणि उत्पन्न, नकाशा, अंतराचा दाखला. मूळ ग्रामपंचायत ठराव सहसा खुशीने देत नाही, कारण तिचीही सदस्यसंख्या आणि निधी घटतो.

दोन हजारांच्या तांड्याने जरूर मागावी. सहाशे-सातशेच्या पाड्याने मात्र आधी पेसा ग्रामसभा करून बघावी, असं आमचं मत. ग्रामपंचायत आली की पाणीपट्टीची वसुली, दिवाबत्तीचं बिल, शिपायाचा पगार आणि लेखापरीक्षणातले आक्षेपही आले. वसुली होत नसलेल्या छोट्या पंचायतीची नळयोजना वीज बिलाने बंद पडते. पाड्याचा कारभार पाड्याने नीट चालवायला पंचायतीची पाटी लागतेच असं नाही. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने शेकडो एकर जंगल स्वतःच्या नियमांनी राखलं, आणि त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली.

दाद कुठे मागायची

पहिली तक्रार गटविकास अधिकाऱ्याकडे, विषयवार आणि एका अर्जात एकच विषय. दोन महिन्यांत हालचाल नाही तर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे. जिल्ह्याच्या लोकशाही दिनात, म्हणजे महिन्याच्या पहिल्या सोमवारी, अर्ज मांडता येतो. तो पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो आणि तोच विषय आधी खालच्या पातळीवर दिल्याची पोच जोडावी लागते. थेट उठून कलेक्टर कचेरीत गेलात, तर अर्ज खाली परत पाठवतात आणि एक महिना वाया जातो. आदिवासी विकासाच्या योजनांचं गाऱ्हाणं प्रकल्प अधिकाऱ्याकडे द्यायचं, तहसीलदाराकडे नाही.

प्रत्येक अर्जाची एक झेरॉक्स पाड्यावर ठेवा, पण एकाच माणसाच्या घरात नको. ती दोन घरांत ठेवा, आणि त्यातलं एक घर ऊसतोडीला न जाणाऱ्याचं असू द्या.